ढिगांचा डॉक्टर

खत प्रकल्पावर त्याला सगळे डॉक्टर म्हणत. सातवी पास माणसाला ही पदवी नगरपालिकेत जितक्या सहज मिळते तितकी विद्यापीठात मिळत नाही. रोज सकाळी सात वाजता छातीपर्यंत येईल इतक्या लांब सळईचा थर्मामीटर खांद्यावर टाकून तो निघे, आणि शहराच्या ओल्या कचऱ्याचे जे चोवीस लांबट ढीग शेडखाली मांडलेले असत, त्यांतल्या प्रत्येकाच्या पोटात तीन ठिकाणी सळई खुपसून ताप बघे. काटा स्थिर झाला की आकडा फळ्यावर. पंचावन्नच्या वर असेल तर ढीग ठणठणीत, खाली आला की आजारी. “आमच्यात ताप उतरला की पेशंट गेला,” असं तो नव्या कामगाराला सांगे आणि स्वतः हसत नसे. त्यामुळे हसावं की मान हलवावी हे नव्या माणसाला कळत नसे.

उपचारही तोच करी. ढिगाला आंबट वास आला तर पाणी जास्त झालंय, वाळकी पानं घाला. सडक्या अंड्याचा आला तर आत हवा नाही, पलटी मारा. काहीच वास नाही म्हणजे पोर उपाशी आहे, भाजीबाजाराची गाडी इकडे रिकामी करा. मूठभर माल उचलून तो दाबे आणि बोटांतून थेंब पडतो का ते पाही. या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा असे. प्रकल्पाच्या प्रमुख असलेल्या मॅडम परदेशातून शिकून आल्या होत्या, पण एखादा ढीग हट्टाला पेटला की त्याही म्हणत, “डॉक्टरांना दाखवलंत का?”

सळई उपसली की भोकातून वाफेची बारीक दोरी वर येते. थंडीच्या दिवसांत चोवीस ढिगांतून अशा बहात्तर दोऱ्या एकामागून एक निघत आणि बाकीचे लोक मिळेल तेवढ्यात त्यांच्यावर हात शेकून घेत. डॉक्टर तिकडे बघत नसे. सळई काढली रे काढली की तो बुटाच्या टाचेने भोक बुजवून टाकी.

“बुजवता कशाला? जाऊ द्या की हवा आत,” मॅडम एकदा म्हणाल्या.

“सवय आहे,” तो म्हणाला. ते खरंच होतं.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितली जाई. इथे शिट्टी वाजवायची नाही. असा लेखी नियम कुठे नव्हता. पण प्रकल्प सुरू झाला त्या वर्षी एका गाडीवाल्याच्या सोबत्याने गाडी मागे घ्यायला दोन आखूड शिट्ट्या मारल्या, आणि डॉक्टर सळई हातात घेऊन ढिगावर मटकन बसला तो अर्धा तास उठलाच नाही. खालून ढिगाची वाफ अंगावर येत होती आणि त्याचे दात वाजत होते. तेव्हापासून गाड्या मागे घेताना पत्र्यावर हात आपटतात. कारण सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे, माहीत आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

हे समजायला सहा वर्षं मागे जावं लागतं, आणि शहराबाहेर चार किलोमीटर. तिथे कचरा डेपो आहे. शहराने चाळीस वर्षं जे जे नकोसं झालं ते तिथे नेऊन टाकलं आणि त्याच्याकडे पाठ करून घरं बांधली. त्याचा डोंगर झाला. त्यातला निम्मा माल म्हणजे साली, देठं, खरकटं, उरलेला भात, असलं सगळं. ते आत कोंडून कुजतं, त्याचं काळं पाणी होतं, गॅस होतो, आणि डोंगर पोटातून फुगत जातो. डॉक्टर तेव्हा डॉक्टर नव्हता, तिथला डोझर चालवायचा. गाड्या वर येऊन माल ओतत, तो पुढे ढकलून, दाबून, सपाट करी. आणि गाड्यांना कडेवर मागे घ्यायचं काम त्याच्या मेहुण्याकडे होतं. त्याला सगळे शिट्टी म्हणत. एक लांब म्हणजे थांब. दोन आखूड म्हणजे ये मागे. आणि सलग तीन म्हणजे ‘भाऊजी, चहा’. ही शेवटची खूण फक्त दोघांत होती, पण ती ऐकून चहावालाही किटली घेऊन निघत असे.

शिट्टी नऊ वर्षांचा असताना आईबाप गेले. बहिणीचं नुकतंच लग्न झालेलं. सासरी येताना तिने एक ट्रंक आणि एक भाऊ आणला. तिला स्वतःचं मूल झालं नाही, त्याची तिने कधी तक्रार केली नाही. “एक आहे की, पुरतो तेवढा,” म्हणायची. त्याला डेपोवर नोकरी लागली तेव्हा तिने शेजारणींना सांगितलं की माझ्या भावाच्या एका शिट्टीवर चाळीस गाड्या हलतात. खोटं नव्हतं.

मग एके दिवशी दुपारी डोंगराची एक अख्खी बाजू घसरली, आणि शिट्टी तिच्याबरोबर गेला. नऊ दिवस पोकलेनने उकरलं. सापडला नाही. दहाव्या दिवशी साहेब म्हणाले, आता आणखी उकरलं तर दुसरी बाजू येईल. शोध थांबला. चौकशी समिती बसली आणि यथावकाश उठली. तिच्या अहवालात लिहिलं होतं: ओल्या कचऱ्याचे अतिरिक्त प्रमाण, त्यामुळे नैसर्गिक घसरण.

नगरपालिकेला जाग येते ती बहुधा कुणीतरी कायमचं झोपल्यावर. इथेही तसंच झालं. ओला कचरा डेपोला जाता कामा नये असं ठरलं, मॅडम आल्या, खत प्रकल्प उभा राहिला, घरोघरी दोन बादल्या वाटल्या गेल्या. हिरवी ओल्या कचऱ्याची, ती प्रकल्पाला. निळी बाकीच्याची, ती डेपोला. सुरुवातीला लोकांनी हिरवीत कांदे-बटाटे भरून ठेवले आणि निळीत कपडे भिजवले. मॅडम हटल्या नाहीत. त्यांनी आरोग्य खात्यातल्या एका जाड्या कारकुनाला कोबीचा पोशाख घालून शाळाशाळांतून फिरवलं. पोरांनी त्याची पानं उपटली, पण घरी जाऊन आयांना बादल्यांचं सांगितलं. मग स्टिकर आले. कचरा नीट वेगळा केला तर दाराला हिरवा, केला नाही तर लाल. तीन लाल झाले की कचऱ्याची गाडी त्या घरापुढे थांबणं बंद, आणि घर नगरपालिकेच्या नोकराचं असेल तर वर खात्याची चौकशी. सहा वर्षांत डेपोला जाणाऱ्या चाळीस गाड्यांच्या चौदा झाल्या. आता शेवटचा हुकूम निघाला होता: येत्या एक तारखेपासून डेपोत मूठभरही ओला कचरा जाणार नाही, फाटकावर प्रत्येक पिशवी उघडून पाहिली जाईल, आणि त्या डोंगरावर मातीचा जाड थर देऊन गवत लावलं जाईल. काम करताना गेलेल्या माणसाच्या नावाची पाटीही लागणार होती. गवताचं बी आलं होतं. पाटीचा मजकूर मंजुरीला होता.

घसरणीनंतर डॉक्टरने डोझरला हात लावला नाही. मॅडमनी त्याच्या हातात थर्मामीटर दिला. दुखवट्यातल्या माणसाला हलकं काम, असा हिशेब.

त्या महिन्याच्या दहा तारखेला घरोघरच्या बादल्या तपासणारा सहकारी, ज्याचं नावच स्टिकर पडलं होतं, प्रकल्पावर आला आणि डॉक्टरभोवती उगाच घोटाळू लागला.

“डॉक्टर, एक सांगू का? रागावणार नसाल तर.”

“सांग. रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवतो.”

“काल तुमच्या दाराला लाल लावला. दुसरा.”

“माझ्या? आणि पहिला?”

“पहिला गेल्या महिन्यात, बादली तळापर्यंत बघायचा हुकूम आल्यावर. मी लावला आणि वहिनींनी काढला. डोळ्यांदेखत. नखाने, कोपऱ्यापासून, अगदी व्यवस्थित. तुम्हाला त्रास नको म्हणून मी बोललो नाही.”

“काय होतं बादलीत?”

“निळीत शिजवलेलं अन्न. पुडीत बांधून. मी म्हटलं, वहिनी, चुकून पडलं असेल. तर म्हणाल्या, नाही, ठेवलंय. आता माणूस सरळ कबूलच करायला लागला तर तपासनिसाने करायचं काय? आमच्या प्रशिक्षणात हे नव्हतं.” त्याने इकडेतिकडे पाहिलं. “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिसरा लागला तर नाव मॅडमच्या टेबलावर जाणार. मी शेजारच्यांच्या दारावर ढकललाही असता हो, पण ती माणसं इतकी शहाणी आहेत की अंड्याची टरफलं धुऊन टाकतात.”

डॉक्टर पहाटे घर सोडे. कचऱ्याची गाडी आठला येई. त्यामुळे स्वतःच्या घरची बादली त्याने कधी उघडून पाहिली नव्हती. वैद्याचं घर असंच असतं. त्या संध्याकाळी त्याने ती उघडली. वर फुटका कंगवा, रिकाम्या ट्यूबा, जुनी चप्पल. चपलेखाली वर्तमानपत्राची पुडी, दोऱ्याने चारी बाजूंनी बांधलेली. आत भात होता, आणि बटाट्याच्या कडक तळलेल्या चकत्या, कडा करपवलेल्या. भात एका बाजूला, बटाटे दुसऱ्या बाजूला, मध्ये मिठाची चिमूट. पुडी अजून कोमट होती. आयुष्यभर त्याने टाकलेलं अन्न पाहिलं होतं, किती टन याची मोजदाद नाही. टाकलेलं अन्न असं नसतं. हे वाढलेलं होतं.

बायको भांडी घासत होती.

“हे काय आहे?”

“जेवण.”

“कुणाचं?”

तिने मागे वळून पाहिलं नाही. “निळी बादली कुठे जाते?”

“डेपोला.”

“आणि हिरवी?”

“माझ्याकडे.”

“तुम्हाला मी ताटात वाढते. त्याला कोण वाढणार?”

नळ चालू होता. करपलेल्या कडांचे बटाटे घरात फक्त एकच माणूस खायचा आणि त्यावरून रोज भांडायचा.

“कधीपासून?”

“बादल्या आल्यापासून.” तिने भांडं उपडं ठेवलं. “आधी गरजच नव्हती. सगळ्या घराचं खरकटं तिकडेच जायचं, त्यातलं काहीतरी पोहोचतच असणार. तुमच्या मॅडमनी ते बंद केलं. चांगलं केलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्याचं ताट उचललं ना?”

“अगं, ते उंदीर खातात. कुत्री खातात.”

“खाऊ देत. तिथलीच आहेत ती. त्याच्या ओळखीची झाली असतील.”

ती वेडी नव्हती. सोसायटीचा पाण्याचा वाद तिनेच मिटवला होता. घरचा गॅस कधी संपणार हे ती दोन दिवस आधी सांगे. तिने फक्त एक व्यवस्था लावली होती, आणि ती व्यवस्था कुणी मोडत असेल तर कारण मागण्याचा तिला हक्क होता.

“एक तारखेपासून पिशव्या फोडून बघणार आहेत,” तो म्हणाला. “पोहोचणारच नाही ते. आणि माझी नोकरी जाईल ती जाईल.”

हा मुद्दा तिला पटला. ती व्यवहारी होती. हात पुसत ती म्हणाली, “मग एकदा मला तिथे न्या. माझ्या हाताने ठेवते, आणि बंद करते. साहेब लोकांनी तेव्हा मला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. पण तुम्ही तिथे होतात. तुम्हाला जागा माहीत आहे.”

तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती. त्याने पुडी होती तशी दोऱ्याने बांधली.

जागा त्याला माहीत होती, आणि ती त्याने सहा वर्षं कुणालाही सांगितली नव्हती.

झालं होतं असं. त्या दिवशी सकाळी डोंगराच्या वरच्या कडेला, पश्चिमेच्या अंगाला, त्याला एक भेग दिसली. डेपोवर भेगा पडतच असतात आणि त्यांवरचा इलाज तिथल्या प्रत्येक डोझरवाल्याला ठाऊक असतो: दोन गाड्या ओला माल आत लोटायचा, वरून मशीन फिरवायचं, की भेग मिटते. मिटते म्हणजे दिसेनाशी होते. दुपारी साहेबांची पाहणी असली तर हे आवर्जून करायचं, कारण साहेबांना भेग दिसली की ते काम थांबवतात, आणि गाड्यांची रांग थेट शहरापर्यंत जाते. त्या दुपारी पाहणी होती. त्याने मेहुण्याला पूर्वेच्या वळणावरच्या नेहमीच्या जागेवरून बोलावून भेगेच्या कडेवर उभं केलं. दोन आखूड शिट्ट्या झाल्या, पहिली गाडी रिकामी झाली. पुन्हा दोन आखूड झाल्या. दुसरीही रिकामी झाली आणि निघून गेली. तो मशीन फिरवायला वळला. मग एक लांब शिट्टी ऐकू आली, आणि ती लांबतच गेली.

पळत आलेल्या साहेबांनी विचारलं, “तो कुठे उभा होता?”

“नेहमीच्या जागी,” तो म्हणाला.

हे दोन शब्द त्याने ठरवून उच्चारले नव्हते. भेग बुजवली तसे ते तोंडातून गेले. घसरण तिथपर्यंत पसरलेली होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही आणि पोकलेन पूर्वेच्या वळणाखाली लागली. संध्याकाळपर्यंत सांगू, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील की दुपारी का नाही सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून सांगण्यासारखं काही उरलं नाही असं तो स्वतःला समजावू लागला. त्या ढिगाखाली माणूस पाव तासही तगत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. रोज सकाळी सळई उपसताना ते त्याला तितकंसं पक्कं वाटत नसे. काटा साठावर थांबे, वाफ वर येई, आणि तो टाच रोवून भोक बुजवी.

आता बायको म्हणत होती, जागा दाखवा.

दाखवायला दोन जागा होत्या. एक साऱ्या जगाला माहीत असलेली. तिथे नेलं तर काही बिघडणार नव्हतं. ती डबा ठेवेल, चार शब्द बोलेल, घरी येईल. लाल स्टिकर थांबेल, एक तारखेला माती पडेल, वर गवत उगवेल. दुसऱ्या जागेबद्दल बोलणं म्हणजे तीस वर्षांचा संसार तिच्या हातात देऊन काय करायचं ते कर म्हणणं. पंधरा दिवस त्याने याच्यावर विचार केला आणि पहिली जागा पक्की केली. तसं त्याला जरा बरंही वाटलं. त्या दिवशी सकाळी तो ढिगांशी बोलला, असं शेडवरचे लोक सांगतात.

रविवारी दहाच्या सुमाराला दोघं डेपोवर गेले. फाटकावरचा म्हातारा रखवालदार ओळखीचा होता. त्याने डब्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. डोंगर तिच्या कल्पनेपेक्षा फार मोठा होता. वर घारी फिरत होत्या. जागोजागी जमिनीतून पांढऱ्या नळ्या बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्या तोंडापाशी हवा थरथरत होती.

“ह्या कशाला?”

“आतला गॅस बाहेर यायला.”

“अजून आहे?”

“तीस वर्षं राहील.”

तिने मान हलवली, जणू ही बातमी तिला धीराचीच वाटली.

पूर्वेच्या वळणाखाली तो थांबला. “इथे,” असं त्याने म्हटलं नाही, नुसता थांबला. ती खाली बसली, पदराने एक हात जागा झाडली, डबा उघडला. करपट बटाट्यांचा वास त्या वासातही वेगळा आला.

“काय रे,” ती जमिनीला म्हणाली, “आज गार नाहीये बघ. नाहीतर रोज तुझी कटकट. आणि एकटी नाही आले, तुझे भाऊजी आणलेत. सहा वर्षं लागली त्यांना, ढिगांतून सवड कुठे असते?” ती थोडी हसली. मग आवाज खाली करून, नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने, “अंधार आहे का रे फार?”

डबा जमिनीला टेकणार होता.

“इथे नाही,” तो म्हणाला.

ती वळली. “काय?”

“तो इथे नाही. इथे नव्हताच.” त्याने हात उचलला आणि पश्चिमेकडे दाखवलं. सव्वादोनशे पावलं लांब, जिथे गवत आपसूक उगवलं होतं. “तिथे आहे.”

मग तो बोलला. सगळं बोलला, उभ्याउभ्या, चौकशी समितीपुढे बोलायला हवं होतं त्या क्रमाने. ती डबा मांडीवर घेऊन ऐकत राहिली. समितीत पाच जण होते आणि त्यांनी दोन महिने घेतले. तिचे प्रश्न पाच मिनिटांत झाले.

“भेग केवढी होती?”

“तीन बोटं.”

“ती तुम्ही पाहिली.”

“हो.”

“आणि त्याला तिथे उभा केलात.”

“गाड्या घ्यायला कुणीतरी लागतं.”

“तो काही बोलला?”

“म्हणाला, भाऊजी, इथे पायाखाली गरम लागतंय.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, दोनच गाड्या. मग चहा.”

तिने डब्याचं झाकण लावलं. एका बाजूने बसेना, तर दुसऱ्या बाजूने दाबलं. “वळणाचं साहेबांना कधी सांगितलंत? पहिल्या दिवशी?”

“पहिल्या पाच मिनिटांत.”

रागावली की ती त्याला एकेरीवर येऊन बोलायची. शेजारच्यांनाही ते पाठ होतं. आज ती आली नाही. “चला,” म्हणाली, आणि पश्चिमेकडे निघाली. गवतापाशी ती उभी राहिली, बसली नाही. डबाही ठेवला नाही. मग चप्पल काढून तिने पायाचा तळवा जमिनीला टेकवला आणि तसाच ठेवला.

“हे लिहून द्या,” परतीच्या वाटेवर ती म्हणाली. “ऑफिसात.”

त्याने लिहिलं. सोमवारी मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

“डॉक्टर, मी हे वाचलेलं नाही.”

“आत्ता वाचलंत की.”

“ऐका माझं. एक तारखेला माती टाकायला सुरुवात आहे. हा कागद घेतला तर डोंगर उकरावा लागेल, माती थांबेल. पावसाच्या आत थर बसला नाही तर पाणी मुरेल आणि ती बाजू पुन्हा येईल. खाली आता दीडशे घरं आहेत.” त्या खोटं बोलत नव्हत्या. हीच तर पंचाईत होती. “तुम्ही सहा वर्षं गप्प बसलात. अजून चार महिने बसा. मग मी स्वतः घेईन.”

“आणि मातीखालून काढाल?”

मॅडमनी कागद परत दिला, नीट घडी घालून.

“घेतला?” बायकोने दारातच विचारलं.

“नाही.”

“उद्या जा.”

तो उद्या गेला. परवाही गेला. घरात जेवण वेळेवर होत होतं. ती त्याला वाढायची आणि स्वतः नंतर जेवायची. तिसरं ताट ती करत नव्हती. निळ्या बादलीत आता फुटक्या कंगव्यासारखेच जिन्नस असत. स्टिकरने आनंदाने हिरवा लावला आणि “वहिनी, शेवटी समजलं ना?” असं विचारून गेला. ती म्हणाली, “हो, समजलं.”

आरोग्य खात्याने सांगितलं, हे बांधकामचं. बांधकामने सांगितलं, अपघात असेल तर कामगार विभाग. कामगार विभागात एक सज्जन गृहस्थ होते, त्यांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, “कशाला उकरता, पाटी लागतेय ना?” सहा वर्षं शहराला कचरा वेगळा करायला शिकवणाऱ्या कचेरीत या एका कागदासाठी कुठलीच बादली नव्हती.

शुक्रवारी तो आवक-जावक खिडकीवर गेला. तिथला कारकून निवृत्तीला आला होता आणि वाचणं हे आपल्या कामात बसत नाही असं त्याचं ठाम मत होतं. त्याने कागद घेतला, उलटा होता तो सरळ केला, आणि शिक्का मारला. क्रमांक टाकला, तारीख टाकली, दुय्यम प्रतीवरही मारला. “पुढचा,” म्हणाला. बस्स, एवढंच. शिक्का बसलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं, हा नगरपालिकेचा एकमेव धर्म. दुपारी मॅडमचा निरोप आला: माती थांबवली आहे, पश्चिमेची बाजू आता टप्प्याटप्प्याने, खालून टेकू देऊन उकरावी लागेल. सोमवारी चौकशीला हजर राहा. निरोपात डॉक्टर म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी त्याने प्रत बायकोपुढे ठेवली. ती खिडकीपाशी उजेडात उभी राहून वाचू लागली. ओळीखाली बोट धरून ती सावकाश वाचायची. मध्येच बोट थांबलं.

“इथे चार बोटं लिहिलंय.”

“हं?”

“भेग. मला तीन सांगितली होतीत.”

“चार असेल. अंदाजच तो.”

“मोजली नव्हती?”

“मशीनवरून दिसली, तेवढीच.”

“खाली उतरला नाहीत?”

तिने कागद टेबलावर ठेवला, समोरची खुर्ची ओढली आणि बसली. त्या आठवड्यात ती प्रथमच त्याच्यासमोर बसत होती.

“सोमवारी विचारतील. आठवा.”

त्याने डोळे मिटले. कडा दिसली. सकाळचं ऊन होतं, घारी होत्या, इंजिनाचा हादरा बुडाखालून मणक्यात चढत होता. काचेतून खाली ती काळी रेघ दिसत होती. त्या दिवशी फिरवली नव्हती ती किल्ली त्याने आता फिरवली. इंजिन बंद पडल्यावर इतकी शांतता होते हे त्याला ठाऊक नव्हतं. एक पाय साखळीच्या पट्ट्यावर टाकून तो उतरला, चालत गेला, गुडघ्यांवर बसला. भेगेतून ऊब येत होती. त्याने हात आत घातला. चार बोटं गेली. मग अंगठाही गेला, मग तळवा, मग मनगट.

“किती?” ती विचारत होती.

हात अजून आत जातच होता.